खोडावरची फुलं

‘उजवा दिला,’ सासूबाई म्हणाल्या आणि ओटीच्या पायरीवरच टेकल्या. ‘तिन्ही वेळा उजवा. शालन, मला तो आगरातला खराटा आणून दे.’

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. देवीच्या देवळापासून उन्हातून चालत आलेल्या, तोंडाला कोरड पडलेली, आणि मागत होत्या खराटा.

आमच्या गावात अडलं की देवीला कौल लावतात. पोफळीचे ओले कळे मूर्तीच्या अंगाला चिकटवायचे, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी श्वास धरून बघत बसायचं. उजवीकडचा कळा पडला तर होकार. डावीकडचा पडला तर मुकाट घरी जायचं. सासूबाईंनी विचारलं होतं, माझ्या मुकुंदाच्या झाडांना फळ धरेल का.

‘गुरव काय म्हणाले?’ मी विचारलं.

‘म्हणाले, देवीला सेवा बोला. मी म्हटलं, माझ्याकडे दुसरं काय आहे, हे दोन हात आहेत. रोज पहाटे त्या झाडांखाली झाडीन. तुझ्या अंगणासारखं लख्ख ठेवीन. फळ हाती येईपर्यंत एक दिवस खंड पडायचा नाही. असं म्हटलं आणि कळा पडला.’

ओटीवर भाऊ, माझे सासरे, अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

‘बघ शालन, देवीसुद्धा माणूस ओळखते,’ ते म्हणाले. ‘हिच्याकडून झाडण्यापलीकडे काही मागितलं नाही. काही सोपवलं असतं तर विहिरीत गेलं असतं.’

हे वासराबद्दल होतं. लग्न होऊन आल्या वर्षी सासूबाईंनी गाईचं वासरू नीट बांधलं नाही आणि ते विहिरीत पडून मेलं. त्या तेव्हा सतरा वर्षांच्या. आता त्यांना साठी लागत आली होती आणि ते वासरू आमच्या घरात रोज नव्याने बुडत होतं. आमटी खारट झाली की वासरू, पाहुण्याला चहा उशिरा गेला की वासरू. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला वाटलं होतं, हल्लीच झालं असावं.

सासूबाईंनी पाणी प्यायलं, पदर खोचला आणि खराटा घेऊन आगरात गेल्या.

मुकुंदा म्हणजे माझा धाकटा दीर. आमचे हे चिपळूणला नोकरीला, शनिवारी येत आणि रविवारी जात, आणि भाऊंसमोर त्यांच्या तोंडातून ‘हो’ सोडून शब्द निघत नसे. तेव्हा या गोष्टीत ते फारसे नाहीत. मुकुंदा पुण्याला होता. बेकरीवाल्यांना माल पुरवणाऱ्या एका गोदामात कामाला, आणि झोपायलाही तिथेच. एकदा हा आत झोपलाय हे विसरून मालक बाहेरून शटर ओढून गावाला गेला. आतमध्ये मैदा, डालडा, चॉकलेटच्या विटा आणि हा. शटर उघडलं तेव्हा तो जिवंत होता एवढंच. घरी आला तो अर्धा होऊन. बंद दार बघितलं की त्याला धाप लागायची. पडवीत झोपायचा, थंडीतही दार सताड उघडं. त्याची आई उंबऱ्याशी अंथरूण घालायची, कुत्रं-मांजर आत येऊ नये म्हणून.

हळूहळू सुधारला. एके दिवशी मला म्हणाला, ‘वहिनी, त्या विटा होत्या ना चॉकलेटच्या, ते झाडावर येतं, ठाऊक आहे?’

‘विटा?’

‘बिया. कोको म्हणतात. माल घेऊन येणारा एक केरळचा माणूस सांगायचा. नारळी-पोफळीच्या सावलीतच वाढतं. आपल्या आगरात जमेल.’

दक्षिणेत जाऊन तो रोपं घेऊन आला, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीच्या टपावरून. भाऊंनी आगराचा खालचा तुकडा दिला. उदार झाले म्हणून नाही; तिथल्या निम्म्या पोफळी मेल्या होत्या. आणि बजावलं, ‘चौथ्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नापर्यंत. फळ दिसलं तर तुझं. नाही दिसलं तर झाडं तोडायची आणि तू मस्कतला. मावशीचे यजमान हॉटेलात चिकटवतील. घरात बसून खायला आपण संस्थानिक नाही.’

मस्कत म्हणजे कसं, ते मावशीच्या यजमानांनीच सांगितलं होतं. एका खोलीत आठ माणसं, एकावर एक खाटा, गार हवेचं यंत्र चालतं म्हणून खिडकी कायमची बंद. ते ऐकताना मुकुंदाने ताटातला भात पुढे सरकवला होता. सासूबाईंनी ते बघितलं होतं, मीही.

म्हणून ती झाडं.

ती फार गुणाची निघाली. दोन वर्षांत माणसाच्या वर गेली. पानं हातभर, कोवळी असताना तांबूस आणि लुळी, जशी काही भिजवलेली. सारखी गळायची आणि खाली पातेरा साचायचा. मुकुंदा पाणी देता देता आम्हाला त्या झाडाच्या गोष्टी सांगायचा. कुठल्याशा मासिकात त्याने वाचलं होतं.

‘मूळचं मध्य अमेरिकेतलं, रानातलं. तिथले लोक या बिया भाजून वाटायचे आणि पाण्यात कालवून प्यायचे. साखर नाही. मिरची घालायचे.’

‘म्हणजे सार,’ भाऊ म्हणाले.

‘वरून ओतून फेस काढायचे. राजे लोक प्यायचे. आणि बाजारात नाण्यांऐवजी याच बिया चालायच्या.’

‘आपल्याकडे कवड्या चालायच्या. म्हणून कोणी कवड्यांचं झाड नाही लावलं.’

मुकुंदा हसायचा. भाऊंच्या बोलण्याला हसणारा घरात तो एकटा. ‘आणि आई, गंमत अशी की बी नुसती वाळवून काही होत नाही. गरासकट ढीग घालायचा, केळीच्या पानांनी झाकायचा आणि आठवडाभर कुजवायचा. आंबूस वास सुटतो, ढीग तापतो. त्यातूनच तो चॉकलेटचा वास तयार होतो. कुजल्याशिवाय नाही.’

‘शी,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आणि ते लोक पोरांच्या वाढदिवसाला वाटतात?’

चौथ्या वर्षी, पावसाच्या आधी, झाडांना फुलं आली. मी अशी फुलं कधी बघितली नव्हती. फांद्यांच्या टोकाला नाहीत, पानांत नाहीत, थेट खोडावर. फणस खोडाला लागतो तशी, पण नखाएवढी, पांढरी-गुलाबी, बारीक देठाला उलटी लटकलेली. जून लाकडातून इतकं नाजूक काही बाहेर येतं हे बघून मला उगाच भरून आलं. मुकुंदाने मला, सासूबाईंना, अगदी भाऊंनाही हाताला धरून नेऊन दाखवलं. भाऊ चष्मा पुसून वाकले, बराच वेळ बघत राहिले. ‘देवाच्या कामात पण काटकसर दिसते,’ एवढंच म्हणाले, पण आवाज निराळा होता.

फुलं उमलायची आणि दुसऱ्या दिवशी गळायची. फळ धरायचं नाही. रोज नवी फुलं, रोज खाली सडा. महिना गेला. तेव्हा सासूबाई कौल लावायला गेल्या.

पहाटे मला जाग यायची ती खराट्याच्या आवाजाने. आंघोळ करून, केस ओले, त्या एकेका झाडाखालची पानं ओढायच्या. गळलेली फुलं, सालपटं, काटक्या, सगळं. पाटीत भरून वरच्या वाफ्यात नेऊन जाळायच्या. पाऊस असला तर डोक्यावर इरलं. कंबर धरली तर माझा आधार घेऊन. मी म्हणायचे, ‘आज मी झाडते.’

‘माझं बोललेलं आहे. तुझं झाडलेलं देवीच्या हिशेबी धरत नाहीत.’

त्या आगराच्या तुकड्यात जेवायला पान मांडावं इतकं स्वच्छ झालं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. भाऊंना काही वावगं सापडत नव्हतं, त्यामुळे ते त्या महिन्यांत थोडे आजारी वाटायचे.

श्रावणात एका खोडावर बोराएवढं हिरवं काहीतरी दिसलं. मुकुंदाने ओरडून बोलावलं नाही. तो घरात आला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘आई, जरा चल.’ सासूबाईंनी त्या झाडाला हळद-कुंकू लावलं, बुंध्याशी निरांजन ठेवलं. दिवसातून किती वेळा जाऊन बघायच्या, याला गणती नव्हती. ते फळ करंगळीएवढं झालं, मग त्याच्यावर सुरकुती आली, मग ते काळं पडून खोडालाच चिकटून राहिलं.

‘घ्या,’ भाऊ म्हणाले. ‘झालं चॉकलेट.’

त्या दिवशी मुकुंदा हसला नाही.

पितृपक्ष संपला आणि तो उठून दक्षिणेत गेला. रोपं जिथून आणली होती त्या बागेत विचारून येतो म्हणाला. आठवड्याने परतला तो दुपारचा. मी मागच्या दारी भांडी घासत होते. पिशवी खांद्यालाच, चपला पायातच, आणि तो आधी आगरात गेला. बऱ्याच वेळाने मी बघायला गेले, तर पोफळीला टेकून उभा. समोर ती स्वच्छ, झाडलेली जमीन. खराट्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

‘काय म्हणाले ते?’

‘काही नाही,’ तो म्हणाला. ‘जेवायला वाढ.’

दुसऱ्या दिवशी पहाटे आगरातून दोघांचे आवाज आले. मी दूध तापवत होते. खिडकीतून ऐकू येत होतं.

‘आई, पुरे आता. पातेरा राहू दे. खत होईल.’

‘आणि खंड पाडू? तोंडाशी आल्यावर?’

‘मी सांगतोय ना.’

‘तू लाख सांगशील, बाळा. तुझ्यासाठीच बोललेय.’

मग पुन्हा खराटा.

तिसऱ्या दिवशी मुकुंदाने कुऱ्हाड काढली.

तुळशीच्या लग्नाला अजून महिना होता. भाऊ धोतर सावरत आगरात आले. ‘थांब. मी शब्द दिलाय. लोक म्हणतील बापाने महिनाभरही कळ काढली नाही.’

‘तुमचा शब्द राहिला, भाऊ. माझंच मन उठलं.’

‘चार वर्षं उठलं नाही ते?’

‘मला जमणार नाही हे. मस्कतला कळवा.’

सासूबाई मध्ये उभ्या होत्या. त्यांनी त्याचा हात धरला नाही, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘मुकुंदा, देवीने उजवा दिलाय रे.’

‘देवी चुकली असेल, आई.’

तो एकेक झाड तोडत गेला. मऊ लाकूड, दोन घावांत पडायचं. पडलेल्या खोडांवरही फुलं होती. सासूबाई त्याच्या मागे मागे, तोडलेल्या जागेवरच्या ढलप्या झाडून गोळा करत होत्या, कारण खंड पाडायचा नव्हता. मी त्यांना घरात न्यायला गेले तर त्यांनी मला बाजूला केलं.

मस्कतचं पंधरा दिवसांत जमलं. पहाटेच्या एसटीवर त्याला पोचवायला मीच गेले. भाऊंनी ओटीवरूनच हात केला आणि सासूबाईंना उंबरा ओलांडवेना. थांब्यावर आम्ही दोघंच. त्याच्या मांडीवर दशम्यांचा डबा.

‘मला एवढं सांग,’ मी म्हटलं. ‘महिना हातात होता. तू का तोडलीस?’

तो रस्त्याकडे बघतच म्हणाला, ‘त्या फुलाला मधमाशी चालत नाही, वहिनी. एवढ्याशा फुलात ती शिरतच नाही. एक चिलट असतं, मोहरीपेक्षा बारीक. तेच शिरतं, तेव्हा फळ धरतं.’

‘मग?’

‘ते चिलट पातेऱ्यात वाढतं. झाडाखालच्या कुजक्या पानांत. तिथल्या बागेत गेलो तर घोट्यापर्यंत पाय रुतत होते पानांत. प्रत्येक खोड फळांनी भरलेलं. माळी मला म्हणाला, तुमच्याकडे कोणी झाडत तर नाही ना?’

आदल्या दिवशीच सासूबाईंच्या तळहाताचे फोड मी खोबरेल लावून चोळले होते.

‘भाऊंना सांगितलं असतंस,’ मी कसंबसं म्हटलं. ‘त्यांनी मुदत वाढवली असती. ते काही अगदी...’

‘वाढवली असती. एक वर्ष दिलं असतं, दोन दिली असती. झाडं फळली असती. मी राहिलो असतो.’ त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला. ‘आणि तिचं काय झालं असतं? एका वासराचं चाळीस वर्षं पुरवलंय त्यांनी. हे किती वर्षं पुरलं असतं?’

‘नुसतं आईंना सांगायचं होतं. एकटीला.’

‘काय सांगू? तुझ्या सेवेने फळ धरलं नाही म्हणून?’

एसटीचे दिवे दिसले. तो उठला. ‘तिला कळता कामा नये, वहिनी. तेवढं तुझ्याकडे.’

दार लागताना मी बघितलं. त्याने खिडकीची काच खाली ओढली आणि तोंड बाहेर काढून बसला.

मस्कतहून तो शुक्रवारी फोन करायचा, नाक्यावरच्या दुकानात. पहिल्या वर्षी दर शुक्रवारी. सासूबाई दुपारपासून जाऊन बसायच्या. ‘झोप लागते का रे?’ हा पहिला प्रश्न. ‘लागते’ हे उत्तर. पुढे फोन महिन्याने यायला लागला.

दुसऱ्या वर्षी माघात घरी सत्यनारायण होता. केळीची पानं काढायला मी आणि सासूबाई गोठ्यामागे गेलो. तिथे सांडपाण्याचा चर होता, तोडलेल्या केळींची खुंटं टाकायची ती जागा. कोणी पाऊल ठेवत नसे. सासूबाई केळीची पानं बाजूला सारत पुढे गेल्या आणि थांबल्या.

केळींच्या आड कोकोचं एक झाड उभं होतं. रोपं लावताना एक उरलं असेल, मुकुंदाने इथे खोचलं असेल आणि विसरला असेल. तोडताना त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. खोडाला खालपासून वरपर्यंत फळं लगडली होती. लांबट, शिरा-शिरांची, काही हिरवी, काही पिवळी व्हायला लागलेली.

आनंदाने त्यांचं तोंड उजळलं. ते मी बघितलं आहे. क्षणभरच.

मग त्या खाली बसल्या. बुंध्याशी साचलेली पानं त्यांनी हाताने बाजूला केली. खालचा थर ओला, काळा, कुजलेला. त्यातून चिलटं उठली, धुरासारखी.

‘शेणाच्या खताने झालं असेल,’ मी घाईने म्हटलं. ‘गोठा जवळ आहे ना.’

‘खत सगळ्यांना घातलं होतं.’

‘मग पाणी असेल. चराचं.’

‘पाणीही सगळ्यांना होतं.’ सासूबाई त्या चिलटांकडे बघत होत्या. ‘भोपळ्याच्या फुलाला भुंगा लागतो. हे फूल केवढंसं. यात भुंगा कुठून शिरायचा.’ मग म्हणाल्या, ‘इथे मी कधी झाडलं नाही.’

मी केळीच्या पानांची चळत छातीशी धरून उभी राहिले.

‘मुकुंदाला ठाऊक होतं?’

‘नाही, आई.’

‘तुला?’

‘मला त्यातलं काय कळतंय.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सासू सुनेकडे बघते तसं नाही. मग हात पुढे केला, मी त्यांना उठवलं, आणि आम्ही सत्यनारायणाला पानं घेऊन गेलो.

भाऊंनी संध्याकाळी झाड बघितलं. त्यांचा निकाल तयार होता. ‘एवढं एकच अस्सल रोप होतं. बाकी सगळी भेसळ. फसवलं त्याला त्या लोकांनी.’ सासूबाई शेजारीच होत्या. ‘असेल,’ म्हणाल्या.

पुढच्या फोनला मी त्यांच्याबरोबर गेले.

‘अरे, गोठ्यामागे तुझं एक झाड राहिलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘लागलंय.’

रिसीव्हर त्या कानापासून लांब धरत, त्यामुळे पलीकडचं मला ऐकू यायचं.

‘हो?’ तो म्हणाला. ‘तिथे ऊन बरं मिळत असेल.’

‘मी पण तेच म्हटलं. ऊनच.’

‘हो. दुसरं काय असणार.’

‘आता ये, बाळा. हे काही बोलायचे नाहीत.’

‘एका झाडासाठी कसा येऊ, आई?’

‘नाही, तेही खरंच.’ त्यांनी दुकानाच्या फळीची कड घट्ट धरली होती. ‘जेवलास?’

मग त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि तिथेच, माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या.

‘वहिनी,’ त्याने विचारलं. ‘तिला कळलं का?’

‘छे रे,’ मी म्हटलं. ‘सगळी मजेत आहेत.’

त्या फळांचं काय करायचं ते घरात एकालाच माहीत होतं. खारींनी काही पोखरली, बाकीची पिकून खोडावरच काळी पडली. सासूबाईंनी एकही तोडू दिलं नाही. भाऊ गेले, तेव्हा मुकुंदा चार दिवस येऊन गेला. आगरात पाऊल टाकलं नाही. तिथलीच कुणी मुलगी बघून त्याने लग्न केलं, म्हणे. सासूबाई तिला फोनवर ‘सुखी राहा’ म्हणाल्या.

त्यांच्या शेवटच्या आजारात त्याला रजा मिळाली नाही. दहन करून आमचे हे घरी आले, मी चूल पेटवत होते, आणि फोन वाजला. तोवर घरात फोन आला होता. मुकुंदा रडत नव्हता. कसं झालं, त्रास झाला का, शुद्ध होती का, सगळं विचारलं. मी सांगितलं.

‘एक बरं झालं, वहिनी,’ शेवटी तो म्हणाला. ‘तिला शेवटपर्यंत कळलं नाही.’

‘नाही कळलं,’ मी म्हटलं.